रंगाखालचे लोखंड

माणूस आपल्या वस्तूंना रंग का देतो, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. नाताळ जवळ आला की आपण घराला रंग काढतो, खिडक्यांच्या गजांना ऑइलपेंट लावतो. पोळ्याला शेतकरी बैलांची शिंगे रंगवतो. यात नीतिशास्त्राचा काही संबंध असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. परंतु तोच रंग एखाद्या जुन्या, ठिकठिकाणी गंजलेल्या यंत्रावर चढतो आणि ते यंत्र उद्या दुसऱ्याच्या हाती जाणार असते, तेव्हा त्या पातळ थराखाली एक नैतिक प्रश्न उभा असतो. हे जपणे आहे की झाकणे? प्रस्तुत लेखात एका छोट्या मोटारसायकलीच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. सोयाबीन, तूर आणि हळद पिकवणारा हा मुलूख. येथे कॅथलिक कुटुंबे मोजकीच, पण त्यांचे जगणे शेजाऱ्यांच्या जगण्याहून निराळे नाही. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा, कोणत्याही बाजूला जा, एखाद्या घराच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेली जुनी दुचाकी दिसते. ती चालत नाही, पण मोडीतही निघत नाही. वडिलांनी घेतलेली, आजोबांना दवाखान्यात नेलेली, अशा काही आठवणी तिला चिकटलेल्या असतात. तिच्या नंबरप्लेटवर एमएच-३७ नव्हे तर त्याआधीचा अकोल्याचा एमएच-३० असा क्रमांक असतो, कधी त्याहूनही जुना.

अशा गाड्यांत दोन लहान गाड्यांना विशेष मान आहे. एक लूना. पुण्याच्या फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेली ही ५० सीसीची गाडी इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या मोपेडच्या बनावटीवर आधारलेली होती. शिक्षक, टपाल्या, दूधवाला, सायकलीवरून पहिल्यांदा इंजिनावर आलेला अवघा महाराष्ट्र लूनावरून फिरला. दुसरी गाडी म्हणजे एस्कॉर्ट्स कंपनीची ‘राजदूत जीटीएस १७५’. मोठ्या राजदूतचेच १७३ सीसीचे इंजिन तिच्यात होते, पण चाके लहान आणि बांधा बुटका. आपल्या देशात खऱ्या अर्थाने ‘मिनी मोटारसायकल’ म्हणावी अशी ही गाडी. राज कपूर यांच्या १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात ती झळकली आणि लोकांनी तिचे कारखान्यातले नाव विसरून तिला ‘बॉबी’च म्हणावयास आरंभ केला. चित्रपटातील बॉबी ब्रॅगान्झा ही गोव्याकडील ख्रिस्ती कोळ्याची मुलगी. त्यामुळे आपल्या घरांत या गाडीविषयी थोडी अधिक जवळीक वाटत असेल तर नवल नाही.

अशीच एक छोटी गाडी घरच्या घरी रंगवणाऱ्या एका तरुणाने मला विचारले, “फादर, टाकी खालून पाझरत होती. मी ती एम-सीलने बुजवली, वरून लांबी भरली आणि रंग मारला. आता कोणाला कळतही नाही. गाडी विकायची आहे. घेणाऱ्याने विचारलंच नाही, तर आपण होऊन सांगायलाच पाहिजे का?” प्रश्न प्रामाणिक होता. ज्याला फसवावयाचेच असते तो असा प्रश्न विचारीत नाही. म्हणूनच त्याचे उत्तर घाईने देऊन चालणार नाही.

प्रथम हे काम नीट कसे होते ते पाहू. नीतीचा प्रश्न पुष्कळदा कामाच्या बारकाव्यांतच सापडतो.

गाडी रंगवावयाची म्हणजे आधी ती उतरवावयाची. पेट्रोलची टाकी, दोन्ही बाजूंची कव्हरे, पुढचे-मागचे मडगार्ड, हेडलाइटची वाटी हे सारे सुटे करावे लागते. टाकी पूर्ण रिकामी करून मोकळ्या हवेत ठेवावी लागते, कारण रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. मग घासणे. गंजावर आधी ८० किंवा १२० नंबरचा जाड पॉलिश पेपर, नंतर २२०, ३२०, आणि प्राइमरवर ४०० किंवा ६०० नंबरचा पाण्याचा पेपर. जेथे पोचा पडला असेल तेथे लांबी भरावयाची, वाळली की पुन्हा घासून सपाट करावयाची. त्यावर प्राइमरचे हात, मग रंगाचे तीन-चार पातळ थर. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावयाचे. डब्याचा स्प्रे वापरीत असाल तर तो वीतभर अंतरावरून, हात न थांबवता. हात थांबला की ओघळ आलाच.

आमच्या भागात या कामाला ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यात हवेतील ओलाव्याने रंगावर पांढुरके सावट येते. वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की रंगाचे तुषार पत्र्यावर पोचण्याआधीच वाळू लागतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघरी सोयाबीनची मळणी चालू असते. तो भुसा ओल्या रंगावर बसला तर सारे काम वाया. म्हणून जाणते लोक नाताळच्या आसपासचा एखादा शांत सकाळचा प्रहर निवडतात आणि अंगणात आधी पाणी शिंपडून धूळ बसवतात.

या साऱ्या खटाटोपात सर्वांत कंटाळवाणे, सर्वांत वेळखाऊ आणि शेवटी कोणालाही न दिसणारे काम म्हणजे गंज खरवडणे. येथेच मोह होतो. थोडासा गंज राहिला तर काय बिघडले? वरून रंग येणारच आहे. परंतु गंजाचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. लोखंडाला ओलावा आणि हवेतील प्राणवायू मिळाला की गंज तयार होतो, आणि तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. रंगाच्या थरात सुईच्या टोकाएवढे छिद्र पुरते. तेथून ओलावा आत शिरतो, गंज वाढतो आणि वाढताना वरच्या रंगाला आतून ढकलतो. आधी बारीक फोड, मग पापुद्रा, मग भोक. म्हणजे रंगाने झाकलेला गंज नाहीसा होत नाही; तो केवळ आपल्या नजरेआड वाढत राहतो. रंगवणाऱ्याला हे ठाऊक असते. घेणाऱ्याला नसते. सारा प्रश्न या फरकात आहे.

रंगाची मूळ प्रतिज्ञा मात्र झाकण्याची नाही, राखण्याची आहे. याचे एक उदाहरण आपल्या रोजच्या पाहण्यातील आहे. शेंदूर म्हणजे शिशाचे एक ऑक्साइड. ज्या द्रव्याचा लेप आपले हिंदू बांधव भक्तिभावाने मारुतीच्या मूर्तीला लावतात, त्याच द्रव्याचा पहिला थर जहाजांच्या आणि पुलांच्या लोखंडावर कित्येक दशके दिला जात असे, कारण तो गंजाला अडवतो. त्याच्यावर मग दिसणारा रंग चढे. म्हणजे जो थर खरोखर राखण करतो तो शेवटी दिसतच नाही, आणि जो दिसतो तो त्याच्या जिवावर उभा असतो.

येथे एका वेगळ्या कर्तव्याचीही आठवण ठेवावयास हवी. शिसे विषारी आहे, विशेषतः लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला. आपल्या सरकारने २०१६ साली नियम करून घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये असे ठरवले आणि नोव्हेंबर २०१७ पासून त्याचा अंमल सुरू झाला. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीवरील जुन्या रंगात ते असू शकते. तो रंग अंगणात कोरडाच घासला तर त्याची धूळ रांगत्या बाळाच्या हातांना लागते आणि हातांवरून तोंडात जाते. म्हणून पाणी लावून घासावे, नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे. हार्डनर मिसळून वापरावयाचे जे आधुनिक टिकाऊ रंग आहेत, त्यांतील आयसोसायनेट नावाची द्रव्ये श्वासाबरोबर आत गेली तर कायमचा दमा जडू शकतो. ते काम घराच्या पडवीत करण्याचे नव्हेच. ‘माझी गाडी, माझे अंगण’ असे आपण म्हणतो. परंतु त्या अंगणातील हवा एकट्या आपली नसते. ज्याला कोणी विचारले नाही, ज्याला नाही म्हणता येत नाही, अशा माणसाचा विचार करणे हा नीतीचा पहिला धडा आहे, आणि तो रंगाचा डबा उघडण्यापूर्वीच सुरू होतो.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. विचारले नाही, तर सांगावयाचे का?

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४४ साली रोमन विचारवंत सिसेरो याने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात दोन तत्त्वज्ञांचा वाद मांडला आहे. एक माणूस घर विकावयास काढतो. बाहेरून घर सुरेख आहे, पण त्याची लाकडे किडलेली आहेत, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकावाचून कोणालाही ठाऊक नाही. डायोजिनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, मालकाने कोणालाही घर घेण्याची सक्ती केलेली नाही. घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने पाहून घ्यावे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे जर पाप आहे, तर जाणूनबुजून माणसाला खड्ड्यात पडू देणे हे त्याहून मोठे पाप आहे. सिसेरोचा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे. तो म्हणतो, गप्प राहणे म्हणजे प्रत्येक वेळी दडवणे नव्हे. पण जे कळणे समोरच्याच्या हिताचे आहे, ते त्याला कळू नये असे आपण स्वतःच्या लाभासाठी इच्छितो, तेव्हा ते दडवणेच होय.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न अधिक बारकाईने सोडवला. त्यांची विभागणी अतिशय व्यवहारी आहे. दोष उघड दिसणारा असेल, उदाहरणार्थ विकावयाचा घोडा एका डोळ्याने आंधळा असेल आणि विकणाऱ्याने किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर त्या दोषाचा डांगोरा पिटण्याचे बंधन त्याच्यावर नाही. कारण घेणारा त्याच दोषापायी किंमत वाजवीपेक्षा खाली ओढू पाहील. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होण्याचा किंवा त्याला धोका पोचण्याचा संभव असेल, तर तो सांगणे विकणाऱ्याला बंधनकारक आहे. संत थॉमस विकणाऱ्याचाही विचार करतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या वस्तूची निंदा करीत बाजारात उभे राहा, असे ते कोणाला सांगत नाहीत.

या कसोटीवर आपली छोटी मोटारसायकल लावून पाहू. सीट फाटलेले आहे, हॅण्डलची मूठ झिजली आहे, सायलेन्सरवर ओरखडे आहेत. हा एका डोळ्याचा घोडा. घेणारा ते पाहतो आणि त्याप्रमाणे भाव करतो. पण टाकीच्या तळाला भोक आहे आणि ते एम-सीलने बुजवून वर चकचकीत तांबडा रंग दिला आहे. किंवा हॅण्डलजवळ, जेथे सांगाड्याचा सांधा असतो तेथे चीर गेली आहे आणि ती लांबीने भरून रंगवली आहे. हे घेणाऱ्याला दिसणार नाही. अशी गाडी घेणारा माणूस बहुधा श्रीमंत नसतो. तो दूध घालणारा असेल, शेतमजूर असेल, हप्त्यावर नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेला असेल. आणि आपल्याकडची रीत आपण जाणतो: बायको मागे बसते, आणि लहान मूल पुढे, बापाच्या दोन हातांमध्ये, थेट पेट्रोलच्या टाकीवर. टाकी पाझरू लागली आणि खाली इंजिन तापलेले असले तर पुढे काय होऊ शकते ते सांगावयास नको. रंगाच्या त्या थराखाली दडवलेल्या भोकावर कोणाचे तरी लेकरू बसणार आहे.

येथे आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे. ठाऊक असलेली वस्तुस्थिती मुद्दाम लपवण्यासाठी काही कृती करणे ही फसवणूक होय, असे तेथे म्हटले आहे. नुसते मौन मात्र, बोलण्याचे कर्तव्य नसेल तर, फसवणूक ठरत नाही. हे समजावून देण्यासाठी कायद्याने पुन्हा घोड्याचेच उदाहरण घेतले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. ही फसवणूक नव्हे. परंतु, कायदा पुढे म्हणतो, घेणारी जर त्या माणसाची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच सत्य सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

वाचकहो, या उदाहरणापाशी थोडे थांबले पाहिजे. परक्याला न सांगितले तर चालते, पण लेकीला सांगितले पाहिजे. कायदा येथवरच जाऊ शकतो, आणि त्याला दोष देण्याचे कारण नाही. बाजारातील प्रत्येक मौनाला शिक्षा देऊ लागला तर न्यायालयांना दुसरे काम उरणार नाही. परंतु या उदाहरणाने एक गोष्ट कबूल केली आहे: बाप आणि लेक यांच्यामध्ये काय योग्य आहे ते आपल्याला आधीपासून ठाऊक असते. कोणता बाप आपल्या मुलीला पाझरती टाकी रंगवून देईल? प्रश्न ज्ञानाचा नाही. समोरचा माणूस आपला कोण, हा प्रश्न आहे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर कायद्याला नव्हे, आपल्यालाच द्यावयाचे असते. ज्यांना रोज शेजाऱ्यावर प्रेम करण्याची शिकवण ऐकावयास मिळते, त्यांना ‘शेजारी’ या शब्दाचा परीघ कोठवर आखावयाचा हे तरी निराळे सांगावयास नको.

त्यातही त्या तरुणाचे प्रकरण नुसत्या मौनाचे नाही. त्याने भोक बुजवले, वरून रंग दिला. ही कृती आहे. पत्र्यावरचा तो गुळगुळीत रंग ‘येथे सर्व ठीक आहे’ असे पाहणाऱ्याला सांगतो. तोंड मिटलेले असले तरी कुंचला बोलून गेलेला असतो. त्यानंतर आपण काही बोललो नाही, असे म्हणता येत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा की, सगळेच असे करतात. जुनी गाडी घेणारा हे धरूनच चालतो. यात थोडे तथ्य आहे. जुन्या गाडीला नवा रंग दिसला तर शहाणा गिऱ्हाईक बोटाने टकटक करून पाहतो, कारण लांबी भरलेला पत्रा बद्द वाजतो. पण बाजार संशयी असतो म्हणून आपल्याला खोटे वागण्याचा परवाना मिळत नाही. उलट अशा प्रत्येक गाडीने तो संशय वाढतो, आणि त्याची किंमत पुढे तो माणूस भोगतो ज्याने गाडी खरोखर नीट दुरुस्त केली आहे, पण ज्याच्यावर आता कोणी विश्वास ठेवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. विकणाराही गरीबच असतो. त्याला पोरीच्या शाळेची फी भरावयाची असते. खरे सांगितले तर हजार-दोन हजार रुपये कमी येतील. हे खरे आहे, आणि हे दुःख मी लहान मानीत नाही. परंतु ते हजार-दोन हजार रुपये नेमके कशाचे आहेत, हे विचारले पाहिजे. गाडीची किंमत तर तिच्या खऱ्या स्थितीप्रमाणे ठरणार तेवढीच आहे. वरची रक्कम ही केवळ समोरच्याच्या अज्ञानाची किंमत आहे, आणि ती दुसऱ्या गरिबाच्या खिशातून येते. आपली अडचण आपण त्याच्या अंगावर ढकलतो, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे: ‘मी फसवण्यासाठी हे केलेच नाही. गाडी चांगली दिसावी, टिकावी, याच हेतूने केले.’ हेतू शुद्ध असणे मोलाचे आहे, पण पुरेसे नाही. याचे एक मोठे उदाहरण वाशीमच्या इतिहासाशी जोडलेले आहे. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. त्या शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या लेण्यांचे वैभव कळसाला पोचले. तेथील सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिल्याचा शिलालेख आजही आहे. त्या चित्रांखाली काय आहे? खडबडीत खडक, त्यावर भुसा आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर एक पातळ पांढरा हात, आणि मग रंग. खालचे थर नीट बसवले म्हणून वरचा रंग पंधराशे वर्षे टिकला. पुढे एकोणिसाव्या शतकात या चित्रांच्या नकला करणाऱ्यांनी ती उठून दिसावीत म्हणून त्यांवर व्हार्निश लावले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनीही चित्रांवर लाखेचा लेप दिला. सर्वांचा हेतू चांगला होता. पण काळाबरोबर हे लेप पिवळे-काळपट पडले, त्यांवर धूळ व धूर बसला, आणि जे दाखवावयाचे होते तेच झाकले गेले. ते लेप काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याला नंतर कित्येक वर्षे खपावे लागले.

अशा अनुभवांतून पुरातन वास्तू सांभाळणाऱ्यांनी काही नियम केले. १९६४ साली व्हेनिस येथे झालेल्या सनदेत असे म्हटले आहे की, हरवलेल्या भागाच्या जागी नवे बसवताना ते मूळच्याशी जुळणारे असावे, परंतु मूळचे कोणते आणि नवे कोणते हे ओळखू यावे, म्हणजे इतिहासाची फसवणूक होणार नाही. एका छोट्या मोटारसायकलीला हा नियम लावणे कोणाला हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. जुनी वस्तू आपल्या हाती काही काळ असते आणि मग पुढच्या हाती जाते. आपण तिला काय केले हे कळण्याचा हक्क त्या पुढच्या हाताला आहे. शुद्ध हेतूने केलेल्या कामाला तर हे सांगण्यात काहीच अडचण नसावी. उलट ते अभिमानाने सांगावे.

आपल्या परिवहन खात्याच्या नियमांतही याच विचाराचे एक साधे रूप दिसते. नोंदणी पुस्तिकेत गाडीच्या रंगाची नोंद असते. तांबड्या गाडीला निळी केली तर ते आरटीओ कार्यालयात नोंदवून घ्यावे लागते. सांगाड्यावर ठोकलेला चॅसी नंबर तर पवित्र मानावा, त्याला पॉलिश पेपर लावू नये, लांबीने बुजवू नये. लोकांना ही नुसती कटकट वाटते. पण त्यामागचा अर्थ मोठा आहे: रूप बदलावयास हरकत नाही, ओळख पुसू नये.

येथे दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. काही भाविक मने अशी हळवी असतात की त्यांना प्रत्येक सजावटीत खोटेपणा दिसू लागतो. शुभवर्तमानात चुन्याने रंगवलेल्या कबरींचा दाखला आहे, हे त्यांना आठवते. परंतु तेथे दोष चुन्याला दिलेला नाही. आतले तसेच कुजत ठेवून बाहेरून शुभ्र दिसण्याला दिला आहे. म्हातारपणी स्वच्छ धुतलेला, नीट रफू केलेला सदरा घालणारा माणूस आपले वय लपवीत नसतो. तो आपली आणि आपल्याला भेटणाऱ्यांची अदब राखीत असतो. तसेच, वडिलांची गाडी महिनाभर खपून खरवडणारा, तिला तिचा मूळ रंग परत देणारा मुलगा जगाला फसवीत नाही. ‘ही नवी आहे’ असे तो म्हणत नाही. ‘हिची कोणीतरी काळजी घेतली आहे’ असे म्हणतो, आणि ते खरे असते. टाकाऊ ठरलेल्या वस्तूला पुन्हा उपयोगाची करण्यात एक मोठा सद्गुण आहे, आणि भराभर वापरून फेकून देण्याच्या आजच्या काळात तो दुर्मीळ होत चालला आहे.

मग जपणे आणि झाकणे यांत फरक ओळखावयाचा कसा? दोन्हींचा रंग एकच, डबा एकच, हातही तोच. मला एक कसोटी उपयोगी वाटते. प्रत्येक थर देताना ही गाडी पुढे घेणारा माणूस आपल्या शेजारी उभा राहून पाहतो आहे असे समजावे. त्याच्या देखत आपण तेच केले असते का? गंज खरवडताना तो असता तर आपल्याला आनंदच झाला असता. प्राइमर देताना आपण त्याला समजावून सांगितले असते. पण टाकीचे भोक बुजवताना तो अंगणात आला असता आणि आपण घाईने टाकी पोत्याखाली सारली असती, तर आपले उत्तर आपल्याला त्याच क्षणी मिळालेले असते.

त्या तरुणाला मी जे सांगितले ते थोडक्यात असे. सांगावयाचे की नाही, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, ज्या टाकीवर तू आपल्या घरच्या मुलाला बसवणार नाहीस, ती सांगून तरी दुसऱ्याला कशी देशील? जोखीम सांगितली म्हणजे जोखीम संपत नाही. म्हणून ती टाकी आधी जाणत्या कारागिराकडून नीट झाळून घे, नाहीतर दुसरी टाकी बसव. घरी वेल्डिंगचा प्रयोग मुळीच नको. आत राहिलेली वाफ पेट घेते. मग पुन्हा घास, प्राइमर दे, रंग दे. आणि विकताना, कोणी विचारो वा न विचारो, काय बदलले, कोठे लांबी भरली, कोणता रंग मूळचा नाही, हे एका कागदावर लिहून नोंदणी पुस्तिकेबरोबर दे. कोणी त्या कागदामुळे माघारी जाईल. कोणी त्याच कागदामुळे घेईल.

याला खर्च येतो, कष्ट पडतात, आणि कदाचित गाडीच्या किमतीतून ते भरूनही निघत नाहीत. हे मान्य करावयास हवे. प्रामाणिकपणाने नेहमी भरभराट होते, असे सांगणारे उपदेशक माणसांना फसवतात. प्रामाणिकपणाचा मोबदला पुष्कळदा दुसऱ्यालाच मिळतो: कोठल्यातरी रस्त्यावर, आपण कधी न पाहिलेले एक लेकरू टाकीवर बसून सुखरूप घरी पोचते, आणि त्याला किंवा त्याच्या बापाला आपले नावही ठाऊक नसते. परक्याला आपल्या लेकीच्या जागी मानणे म्हणजे हेच. रंग सगळ्यांना दिसतो. त्याच्या खालचे लोखंड कसे आहे हे ज्याने काम केले त्यालाच ठाऊक असते, आणि म्हणून त्याची जबाबदारीही त्याचीच असते.